ठिपक्यांवरून संहितेकडे : ट्रॉम्बेचे स्फटिकशास्त्र आणि पाठचिकित्सा

पाठचिकित्सेचे नाव निघाले की मराठीच्या वर्गात आपण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे वळतो. १९१९ साली आरंभलेली आणि १९६६ साली पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हा आपल्या विद्याव्यवहाराचा मानबिंदू होय. १९२५ पासून तिची धुरा वाहणारे विष्णू सीताराम सुखटणकर केंब्रिजला गणित शिकून मग संस्कृतकडे वळले होते, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. मूळ संहिता हाती नाही; हाती आहेत तिच्या प्रती, त्याही परस्परांशी न जुळणाऱ्या. त्यांवरून मुळाकडे जावे कसे? याच्याशी नाते सांगणारा एक प्रश्न मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे विज्ञानाच्या एका शाखेपुढेही उभा होता. तो इतिहास साहित्याच्या अभ्यासकानेही पाहावा, असे आम्हांस वाटते.

१९१२ साली माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि छायाचित्रणाच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. ही विवर्तनाची नक्षी. तिच्यावरून अणूंची मांडणी ठरवण्याची रीत ब्रॅग पितापुत्रांनी लगोलग घालून दिली. आम्ही भिवंडीत शिकवतो, त्यामुळे मागावरच्या कापडाचा दाखला सहज सुचतो. ताणाबाणा ठरावीक अंतराने फिरून येतो, तसे स्फटिकातले अणूही. तलम कापडातून रात्री दूरचा दिवा पाहावा; त्याच्याभोवती प्रकाशाचे ठिपके आडव्या-उभ्या ओळींत दिसतात. वीण जितकी दाट, तितके ठिपके एकमेकांपासून दूर. खुद्द कापसाचा तंतूही अंशतः स्फटिकमय असतो, आणि १९२४ साली माटुंग्यास स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेत त्याच्या रचनेचा अभ्यास क्ष-किरणांनी होत आला आहे.

पण नक्षीवरून रचना काढणे सोपे नाही. काचेवर ठिपक्याची तीव्रता उमटते; त्या ठिकाणी पोहोचलेल्या लाटेची कला, म्हणजे तिच्या चढउताराची स्थिती, उमटत नाही. अर्धी माहिती नोंदीतच गळून जाते. म्हणून अभ्यासक एखादी संभाव्य रचना मनाशी धरतो, तिच्यापासून कशी नक्षी उमटेल याचे गणित मांडतो, ते प्रत्यक्ष नक्षीशी ताडतो आणि रचना थोडी बदलून पुन्हा मांडतो. हे गणित प्रचंड. १९३० च्या दशकात बीव्हर्स आणि लिप्सन यांनी त्यासाठी आकड्यांच्या हजारो पट्ट्या छापल्या. डोरोथी हॉजकिन यांच्या पेनिसिलिनच्या संशोधनात छिद्रित पत्रे वाचणारी यंत्रे राबली. छिद्रांच्या पत्र्यांवरून वेलबुट्टी विणणारा जॅकार्डचा माग हा त्या यंत्रांचा पूर्वज. कापड आणि गणन यांचे नाते असे जुने आहे.

ट्रॉम्बेस १९५६ साली ‘अप्सरा’ आणि १९६० साली ‘सायरस’ या अणुभट्ट्या सुरू झाल्या आणि न्यूट्रॉनांचा झोत हाती आला. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात; एकच इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन त्यांना जवळजवळ दिसतच नाही. न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतात, त्यांना हायड्रोजन स्पष्ट दिसतो. राजगोपाल चिदंबरम १९६२ साली ट्रॉम्बेस आले आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमिनो आम्लांच्या स्फटिकांतील हायड्रोजन-बंधांचा न्यूट्रॉन विवर्तनाने अभ्यास केला. चिदंबरम यांचे नाव पुढे अणुस्फोटाशी जोडले गेले. २०२५ च्या जानेवारीत ते निवर्तले तेव्हाही तीच आठवण मुख्यतः निघाली. त्यांच्यातला स्फटिकवाचक मागेच राहिला. गणनाची सोयही मुंबईत वाढत होती : टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ पूर्णपणे चालू झाला आणि १९६४ साली ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आला. त्याचा लाभ देशभरातील संशोधकांना मिळे.

याच दशकात नेदरलँड्समध्ये ह्यूगो रिटव्हेल्ट यांनी भुकटीच्या नमुन्यांसाठी नवी रीत काढली. भुकटीच्या नक्षीत शिखरे एकमेकांवर चढतात. ती सुटी करण्याच्या खटाटोपात न पडता त्यांनी सबंध वक्ररेषा बिंदूबिंदूने रचनेशी जुळवली. १९६९ साली ही रीत सविस्तर प्रसिद्ध झाली आणि तिची आज्ञावली त्यांनी मागणाऱ्यांना मुक्तपणे दिली. आज ‘फुलप्रॉफ’सारख्या आज्ञावली त्याच वाटेने चालतात, १९८५ साली सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवरील भुकटीच्या नोंदीही रिटव्हेल्टच्याच रीतीने वाचल्या जातात.

इथेच आपल्या कामाचा मुद्दा येतो. बदलता येण्याजोग्या राशी पुरेशा असल्या की चुकीची रचनाही नक्षीशी बरी जुळते. जुळणी हा पुरावा आहे, निवाडा नव्हे. अमेरिकेतील एका प्रयोगशाळेला प्रथिनांच्या रचनांविषयीचे पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. घरच्या आज्ञावलीत आकड्यांचे दोन स्तंभ उलटले होते, त्यामुळे डावीची उजवी झाली. नक्षीशी मेळ मात्र बसत होता. २००६ साली दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे काढलेली एक सजातीय रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा ही चूक उघड झाली. असे होऊ नये म्हणून आक्सेल ब्रुंगर यांनी १९९२ साली एक पथ्य सुचवले होते : नोंदींतला काही भाग बाजूला ठेवावा, रचना घडवताना त्याला स्पर्शही करू नये आणि अखेरीस त्याच्यावर ती पारखावी. तेही पुरेसे नसते, हे पुढे दिसलेच. शेवटी स्वतंत्र साक्षच कामी आली.

सुखटणकरांनीही स्वतंत्र परंपरांची साक्षच प्रमाण मानली. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील प्रती जिथे परस्परनिरपेक्षपणे एकमत होतात, तिथे पाठाला बळ येते. आपल्या समीक्षेत हे पथ्य कितीजण पाळतात? सिद्धान्त आधी ठरतो, मग कवितेतल्या सोयीच्या ओळी त्याला जुळवल्या जातात आणि जुळणी झाली की अर्थ सापडला असे जाहीर होते. विद्यार्थ्याच्या प्रबंधाची पहिली प्रत हाती घेताना आम्ही आता एवढेच विचारतो : आपल्या मताला न जुळणारी कोणती ओळ तुम्ही बाजूला ठेवली होती आणि अखेरीस तिच्यापुढे ते मत टिकले काय?