भिंत आमची, मग चित्र कोणाचे?

भीमजयंतीच्या तयारीची बैठक चालू होती. मंडपाचा खर्च, मिरवणुकीची परवानगी, व्याख्यानाला कोणाला बोलवायचे, हे सगळे ठरत असताना एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईल पुढे केला. त्यावर मुंबईच्या असल्फा टेकडीवरच्या घरांचा व्हिडिओ होता. पिवळी, गुलाबी, जांभळी, आकाशी घरे. "ताई, आपल्या वस्तीच्या भिंती अशा का नाही करायच्या? दरवर्षी पुराचे पाणी येते, भिंतींवर चिखलाचे पट्टे राहतात, तेच बघत बसायचे का?"

प्रश्न बरोबर होता. सायखेड्याला गोदावरीचा पूर नवा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी गावात शिरले, त्याच्या खुणा कितीतरी दिवस भिंतींवर होत्या. रंग द्यायला कोणाचीच ना नव्हती. अडचण पुढे आली. एका व्यावसायिकाने निरोप पाठवला की रंग आणि चित्रकार आम्ही देतो. फुले, पक्षी, मोर, शाळेत जाणारी मुले, काय हवे ते काढू. "फक्त फोटो नकोत आणि घोषणा नकोत. उगाच वाद नको."

बैठकीतल्या निम्म्या लोकांना यात वावगे वाटले नाही. फुकट रंग मिळतो आहे, मग कशाला आडवे यायचे? मी दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत जे वाचले, आठवले आणि जुन्या कार्यकर्त्यांशी बोलून पडताळले, ते इथे मांडते आहे. कारण हा प्रश्न एकट्या सायखेड्याचा नाही. उद्या तुमच्याही वस्तीत कोणीतरी रंगाचे डबे घेऊन येणार आहे.

रंगसुद्धा जातीचा प्रश्न होता

"रंगात कसली आली जात?" असे विचारणाऱ्यांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' पुन्हा एकदा उघडावे. १९३६ च्या या भाषणात बाबासाहेबांनी इंदूर भागातल्या बलाई समाजावर सवर्णांनी लादलेल्या नियमांची यादी दिली आहे. बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधायचे नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. धोतराच्या काठाचा रंगसुद्धा गावाने ठरवायचा! अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हासुद्धा गावाच्या लेखी गुन्हा कसा ठरतो, हेही बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. आपल्या वस्त्या रंगहीन राहिल्या त्याचे कारण आपल्या आजी-पणजीला सौंदर्यदृष्टी नव्हती हे नाही. चांगले दिसणे, चांगले नेसणे, चांगले घर बांधणे यावरच बंदी होती. जातव्यवस्था पाण्यावर पहारा ठेवत होती तशी ती रंगावरही पहारा ठेवत होती. म्हणून आपल्या आईने घर सारवून चुन्यात नीळ कालवून भिंतीला हात दिला, तेव्हा ती नुसती सजावट नव्हती. ते माणूस म्हणून जगण्याचे लक्षण होते. वस्ती रंगवण्याला माझा विरोध नाही, उलट तो आपला हक्क आहे, हे मी आधीच सांगून ठेवते.

भिंतीवर चित्र काढणे आपल्याला कोणी शिकवू नये

दुसरी गोष्ट. 'स्ट्रीट आर्ट' हा शब्द ऐकला की वाटते ही परदेशातून आलेली नवी कला आहे. मित्रांनो, महाराष्ट्रातल्या भिंतीवरच्या चित्रांचा सर्वात मोठा वारसा बौद्धांचा आहे. अजिंठ्याची लेणी इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकापासून कोरली गेली आणि पाचव्या शतकात तिथले काम कळसाला पोहोचले. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर खनिज रंग. त्यातला निळा रंग लाजवर्द दगडाचा, तो थेट अफगाणिस्तानाकडून यायचा.

आणि चित्रात कोण आहे? जातककथा आहेत, म्हणून राजे आहेतच. पण त्यांच्यासोबत दासी आहेत, शिकारी आहेत, व्यापारी आहेत, भिक्षा मागणारे आहेत, नावेत बसलेले लोक आहेत. भिक्षूंनी ही चित्रे फक्त शोभेसाठी काढून घेतली नाहीत. अक्षर न येणाऱ्या माणसालाही दान, मैत्री आणि करुणा कळावी, ही त्यामागची दृष्टी होती. भिंत हे त्या काळचे प्रबोधनाचे साधन होते.

आपल्या नाशिकचेच बघा. ज्या लेण्यांना लोक 'पांडवलेणी' म्हणतात, त्यांचा पांडवांशी काडीचा संबंध नाही. तिथल्या शिलालेखांत डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लेख आहे की हे धंभिक गावाचे दान आहे. एका राजाचे नाही, एका गावाचे! दुसऱ्या लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, २,००० एका श्रेणीकडे आणि १,००० दुसरीकडे. त्याच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा खर्च चालायचा. आणखी एका लेखात विष्णुदत्ता नावाची उपासिका आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, तेली अशा कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवते.

यातून दोन गोष्टी कळतात. भिंतीवर दान देणाऱ्याचे नाव आहे आणि दान कशासाठी आहे तेही आहे. हिशेब उघड आहे. आणि एवढे सगळे कोरलेले असूनही पुढे त्या डोंगराला पांडवांचे नाव चिकटले, कारण वाचणारे उरले नाहीत. भिंत राखली नाही तर भिंतीवरचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढतो. हा धडा आपल्या घराजवळचाच आहे.

समुद्राकाठच्या शहरातल्या भिंती

आता मुंबईकडे येऊ. समुद्राकाठी वरळीला १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. गिरणी कामगार, गोदी कामगार, सफाई कामगार तिथे एकेका खोलीत राहिले. याच बीडीडी चाळींत आंबेडकरी चळवळ वाढली. २९ मे १९७२ रोजी दलित पँथरची स्थापना झाली आणि ५ जानेवारी १९७४ च्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले.

त्या काळात पँथरकडे वर्तमानपत्र नव्हते, टीव्ही नव्हता. भिंत होती. गेरू, चुना आणि नीळ एवढ्या सामानावर रात्रीत घोषणा लिहिली जायची आणि सकाळी कामाला निघालेला माणूस ती वाचत पुढे जायचा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षे नामांतराची मागणी खेड्यापाड्यांतल्या भिंतींनी जिवंत ठेवली. त्या भिंती रंगवणारे बहुतेक जण चित्रकलेच्या शाळेत गेलेले नव्हते. कोणी पाट्या रंगवणारा पेंटर होता, कोणी नुसते अक्षर चांगले असलेले पोर होते. त्यांची नावे कुठल्याही कलेच्या इतिहासात नाहीत. आज वरळीच्या चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. लोकांना मोठे घर मिळते आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या भिंतींचे फोटो कोणी काढून ठेवले आहेत का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आता असल्फा. २०१७ च्या अखेरीस 'चल रंग दे' या उपक्रमात शेकडो स्वयंसेवकांनी टेकडीवरची घरे रंगवली. मेट्रोतून जाताना ती टेकडी नजरेत भरते. वर्तमानपत्रांनी तिची तुलना इटलीतल्या समुद्रकाठच्या पोझितानो गावाशी केली. तिथल्या रहिवाशांना आनंद झाला, तो खोटा नव्हता. आपल्या घराचा फोटो काढायला कोणी येते, हे कोणाला आवडणार नाही? स्वयंसेवकांच्या हेतूवरही मी शंका घेत नाही.

पण प्रश्न विचारलेच पाहिजेत. २६ जुलै २००५ च्या पावसात याच साकीनाका-असल्फा पट्ट्यात दरड कोसळून माणसे गाडली गेली होती. टेकडीवरच्या माणसाची पहिली मागणी संरक्षक भिंतीची असते, संडासाची, पाण्याची आणि घराच्या कागदाची असते. रंगाने ही मागणी पुढे गेली की झाकली गेली? चित्र घरात राहणाऱ्यासाठी होते की मेट्रोत बसलेल्यासाठी?

चेन्नईतही असेच आहे. शहराच्या मध्यभागातून आणि नदीकाठच्या झोपड्यांतून उठवलेल्या कुटुंबांना कण्णगी नगरच्या पुनर्वसन वसाहतीत नेऊन टाकले. त्यांत दलित मोठ्या संख्येने आहेत. २०२० च्या सुमारास त्या इमारतींवर भव्य चित्रे आली आणि वसाहतीला 'आर्ट डिस्ट्रिक्ट' हे नाव मिळाले. बदनाम वस्तीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले, हा फायदा खरा आहे. पण त्यांना तिथे का यावे लागले, हे भिंतीला कोणी विचारले का?

आणि असल्फापासून थोड्याच अंतरावर, त्याच घाटकोपरमध्ये, माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधाला रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. ज्यांना वाटते की वस्तीतली प्रतिमा म्हणजे 'उगाच वाद', त्यांनी रमाबाई नगर आठवावे. वाद प्रतिमेने केला नव्हता. प्रतिमा ज्यांना खुपते त्यांनी केला होता.

शिकागोची भिंत

पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीवरून घेतले. तिथलीच एक भिंत सांगते. १९६७ साली शिकागोच्या दक्षिण भागात एका पडक्या इमारतीवर कृष्णवर्णीय चित्रकारांनी आपल्या नायक-नायिकांची चित्रे काढली आणि तिला 'सन्मानाची भिंत' म्हटले. त्यात माल्कम एक्स होते, मुहम्मद अली होते, गायिका नीना सिमोन होत्या आणि विचारवंत ड्यू बॉईस होते. याच ड्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. कोणाला भिंतीवर घ्यायचे यावर खूप चर्चा झाली. वस्तीतले लोक भिंतीसमोर जमू लागले, तिथे कविता आणि सभा होऊ लागल्या. १९७१ मध्ये आग लागली आणि पुढे ती इमारत पाडली गेली. पण तोपर्यंत तो विचार इतर शहरांतल्या भिंतींवर पोहोचला होता.

असल्फा आणि शिकागो यांतला फरक रंगाच्या दर्जाचा नाही. एकीकडे बाहेरच्याने वस्ती रंगवली. दुसरीकडे वस्तीने स्वतःची ओळख सांगितली.

मग आपण काय करायचे?

दोन दिवसांनी बैठकीत मी चार गोष्टी मांडल्या.

एक, रंग कोणीही द्यावा, चित्र वस्ती ठरवेल. दान देणाऱ्याचे नाव कोपऱ्यात लिहू, त्रिरश्मीच्या लेण्यांत आहे तसे. अट मात्र घेणार नाही.

दोन, नुसता फोटो काढून थांबायचे नाही, प्रसंग काढायचे. आपल्या जिल्ह्यात प्रसंगांची कमी आहे का? २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह, कर्मवीर दादासाहेब गायकवाड, पाच वर्षे टिकून राहिलेले हजारो स्त्री-पुरुष आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा. सत्याग्रहात गेलेल्या आपल्या आज्या भिंतीवर कधी दिसणार?

तीन, लिहायचे ते तपासून लिहायचे. १९४२ च्या नागपूर परिषदेतला बाबासाहेबांचा संदेश शिका, चेतवा, संघटित व्हा असा आहे. आपण वर्षानुवर्षे 'संघर्ष करा' असे शेवटी जोडून क्रमही बदलून लिहितो. छापलेली चूक दुरुस्त होते. भिंतीवरची चूक मुले पाठ करतात.

चार, पुराची रेघ पुसायची नाही. पाणी कुठपर्यंत आले होते ते वर्षासकट भिंतीवर राहू द्यायचे. शेजारी मोर काढा, हरकत नाही. पण अधिकारी पाहणीला येईल तेव्हा त्याला ती रेघ दिसली पाहिजे.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी जिल्ह्यात चालू आहे. प्रयागराजला २०१९ च्या कुंभात शहरभर भिंती रंगवल्या गेल्या होत्या. नाशिकच्या भिंती रंगवायला निघाल तर रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर काळारामाच्या दारात माणसे का बसली होती, हेही त्यांवर आले पाहिजे. ही मागणी आपण आत्ताच लेखी द्यायला हवी. चित्रे पूर्ण झाल्यावर निषेधाचे पत्रक काढून उपयोग नाही.

बैठकीत ठरले काय? व्यावसायिकाला नम्रपणे नकार कळवला. घरटी वर्गणी ठरली. पैसे कमी पडतील, म्हणून यंदा एकच भिंत घेतली आहे, बुद्धविहारासमोरची. ज्याने व्हिडिओ दाखवला होता, तोच आता येवल्याच्या सभेचे जुने फोटो गोळा करत फिरतो आहे.

तुमच्या वस्तीतली कोणती भिंत रिकामी आहे, ते आधी बघून या.

जय भीम! नमो बुद्धाय!