उन्हाळ्याची दुपार आणि गोधडीचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता गोधडीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर व्याख्यानाच्या शेवटी मिळेल अशी आशा करू या.

सुरुवात काळापासून करू. गोधडी शिवायची ती उन्हाळ्यात, हे आपण सगळे ऐकून आहोत. पण उन्हाळ्यातच का? शेतीचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. रब्बीची कापणी-मळणी चैत्रापर्यंत आटोपते. मृग निघतो 7 जूनच्या सुमारास. मधले दोन महिने शेतात बायकांचं काम कमी. पण म्हणून त्या मोकळ्या होत्या असं नाही बरं का. सकाळच्या उन्हात पापड, कुरडया, सांडगे, शेवया. वर्षाचं तिखट, डाळी. पाणी लांबून आणायचं ते वेगळंच. बारा वाजले की ऊन असं तापतं की बाहेर पाय ठेववत नाही. मग जाड मातीच्या भिंतींचं माजघर, शेणानं सारवलेली गार जमीन, अर्धवट लोटलेलं दार. त्या चार तासांत पुरुष डुलकी काढत आणि बायका गोधडी पसरत.

दुसरं कारण कापडाचं. जुनं कापड धुवायचं तर कडक ऊन हवं. आणि तिसरं, पावसाळा तोंडावर आलेला. गळक्या घरात ओल चढायच्या आत अंथरूण-पांघरूण तयार हवं. तेव्हा ही फावल्या वेळाची हौस नव्हती. पेरणीआधी जशी नांगरट, तशी पावसाआधी गोधडी.

आता कापडाकडे येऊ. आपल्या आज्या कापडाला किती आयुष्यं देत, ते पाहा. नवं लुगडं आधी सणासुदीला, मग रोज नेसायला. मध्यभागी विरलं की तेवढा भाग कापून दोन्ही चांगली टोकं जोडायची. याला म्हणत दंड घालणं. तेही विटलं की झालं जुनेर. जुनेराचं तान्ह्या बाळासाठी दुपटं किंवा मोठ्यांसाठी गोधडी. गोधडी फाटली की तीच नव्या गोधडीच्या पोटात जायची. उरलेल्या चिंध्यांची पायपुसणी, पोतेरी. 'फेकून देणं' हा टप्पाच या साखळीत नाही.

हिशेबही नीट होता. नऊवारी म्हणजे साधारण आठ मीटर कापड. चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात. एका माणसाचं पांघरूण झालं! थरांमध्ये हवा अडकते म्हणून ऊब येते, आणि थर सरकू नयेत म्हणून धावदोरा. पुष्कळ ठिकाणी टाके कडेनं सुरू करून गोल फिरत मध्याकडे नेतात. त्यामुळे चार बाजूंना चौघी बसू शकतात. सासू, सून, जाऊ, शेजारीण. जवळून पाहिलंत तर हातागणिक टाका बदललेला दिसतो. एकीचा बारीक, एकीचा लांब, आणि एखादा वाकडातिकडा, नुकतीच सुई धरायला शिकलेल्या पोरीचा.

आपल्याकडे तिला गोधडी म्हणतात, वाकळ म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका अशीच ठिगळांची पांघरुणं शिवतात. बंगालचा कांथा तर तुम्हाला माहीतच आहे. त्या शब्दामागे संस्कृत 'कंथा' आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात कंथा येते ती विरक्ताचं वस्त्र म्हणून. बौद्ध विनयपिटकात तर सुंदर प्रसंग आहे. मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेतं दाखवून बुद्ध आनंदाला विचारतात, भिक्षूंचं चीवर असं शिवता येईल का? आणि तुकडे जोडलेलं चीवर तयार होतं. अगदी अलीकडे, गाडगेबाबांच्या अंगावरचं ठिगळांचं वस्त्रही याच परंपरेतलं.

इथे मात्र थांबून एक गोष्ट पाहायला हवी. ग्रंथांत नोंद झाली ती ज्यांनी ठिगळं स्वेच्छेनं स्वीकारली त्यांची. ज्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता, त्यांची नाही. संन्याशाची कंथा तत्त्वज्ञान झाली आणि माजघरातली गोधडी घरकाम राहिली.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलतं. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापूस गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभं राहिलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली, ती वळकटी काखेत मारून. त्या वळकटीत बहुतेकदा आईच्या किंवा बायकोच्या हातची गोधडी. विचार करा, हजारो वार कापड विणणारा माणूस रात्री जुनेराच्या पांघरुणात झोपत होता. गिरणीचं कापड गावोगाव पोचलं, पण म्हणून जुनं टाकून देण्याइतकी सुबत्ता आली नाही. दुसऱ्या महायुद्धात तर कापडाची इतकी टंचाई झाली की 1943 मध्ये सरकारला कापडावर नियंत्रण आणावं लागलं.

गोधडीला खरा धक्का दिला तो टेरिकॉट आणि नायलॉननं. हे कापड लवकर विरत नाही, घाम शोषत नाही, त्यात सुतीची मऊ ऊब नाही. जुनेर मिळेनासं झालं. पाठोपाठ स्वस्त ब्लँकेट आली.

आणि 1972 चा दुष्काळ विसरून चालणार नाही. त्या वर्षी आणि पुढच्या उन्हाळ्यात लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या, खडी फोडत होत्या. सारवलेल्या जमिनीवरची ती गार दुपार किती जणींच्या वाट्याला आली असेल? उन्हाळ्यात घरात बसता येणं हीसुद्धा एक पायरी होती. भूमिहीन मजूर बाईला ती सहज मिळत नव्हती.

आता थोडं स्वतःबद्दल. शिकायला शहरात आलो तेव्हा आईनं गोधडी दिली होती. वसतिगृहातल्या इतर मुलांकडे चादरी, गाद्या. मी ती ट्रंकेच्या तळाशी घातली आणि थंडीत कुडकुडत झोपलो, पण बाहेर काढली नाही. सुट्टीत आईनं विचारलं, "ऊब पुरते ना रे?" मी म्हटलं, "पुरते." नोकरी लागल्यावर घर बदलताना कपाटाला ओरखडे पडू नयेत म्हणून तीच गोधडी त्याला गुंडाळली. ती परत आलीच नाही. मी शोधलीही नाही.

त्याच वर्षांत मी वर्गात मिलिंदपञ्हातला रथाचा दृष्टांत रंगवून सांगत होतो. रथ म्हणजे चाक का? आस का? की सगळ्यांची जुळणी? भन्ते नागसेनांचा तो प्रश्न शिकवताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की, आजीचं लुगडं, वडिलांचं धोतर, माझाच लहानपणचा सदरा यांची जुळणी माझ्या ट्रंकेत पडून होती. प्रश्न मला पाठ होता, उदाहरण दिसलं नाही.

का दिसलं नाही? कारण ते काम आहे असं मी मानलंच नव्हतं. आपली जनगणनासुद्धा फक्त घरकाम करणाऱ्या बाईला 'काम न करणारी' याच रकान्यात टाकत आली. दिवसाचे तास कुठे जातात हे मोजणारं देशव्यापी सर्वेक्षण व्हायला 2019 उजाडलं. दरबाराची कागदपत्रं जपून ठेवली म्हणून दरबाराचा इतिहास लिहिता आला. गोधडी मात्र वापरून संपवण्यासाठीच असते. जितकी उपयोगी, तितका तिचा पुरावा कमी उरतो.

म्हणून एक विनंती. या उन्हाळ्यात घरात जुनी गोधडी असेल तर बाहेर काढा. घरातल्या वयस्कर बाईपाशी बसा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कुणाचं? त्या सांगतील ते लिहून ठेवा, तारखेसह. टाके कुणी घातले, तेही विचारा. इतिहासाचं साधन असंच तयार होतं.

मला हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर उशीर करू नका.