कॅम्पचं कुळ

उल्हासनगरात पत्ता विचारला की आधी आकडा येतो. एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर. टपालखात्यानं पाच कॅम्पांना पिनकोडही ओळीनं दिले, ४२१००१ ते ४२१००५. शेवटचा आकडा तोच कॅम्पचा आकडा. शहाड स्टेशनच्या बाजूला उतरलात की कॅम्प एक. पुढे पत्त्यात येतो बराक नंबर, मग खोली नंबर. शहराचं नाव उल्हास नदीवरून पडलं. पत्त्यातली बाकीची भाषा मात्र पलटणीची राहिली.

या ‘कॅम्प’ची वंशावळ काढायची तर रोमपर्यंत जावं लागतं. लॅटिनमध्ये ‘काम्पुस’ म्हणजे सपाट, मोकळं मैदान. रोम शहरात टायबर नदीच्या काठी ‘काम्पुस मार्टिउस’ होतं, म्हणजे युद्धदेव मार्सचं मैदान. तिथं तरुण कवायत करत आणि मतदानाच्या सभाही भरत. इटालियनमध्ये या शब्दाचा ‘काम्पो’ झाला. तिथून तो फ्रेंचमध्ये लष्करी तळाच्या अर्थानं आला आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘कॅम्प’ होऊन बसला.

घराण्याचा विस्तार मोठा आहे. मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन. मध्ययुगीन युरोपात काही खटल्यांचा निकाल द्वंद्वावर लागे आणि पक्षकाराच्या वतीनं लढायला दुसरा माणूस उभा राहू शके. त्यालाही चॅम्पियनच म्हणत. चषक आणि पदकं फार नंतरची. शॅम्पेन ही दारू फ्रान्सच्या ज्या प्रांतातून येते, त्याचं नाव ‘मोकळा मुलूख’ या अर्थाचं. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या कॉलेजात अठराव्या शतकात आवाराला ‘कॅम्पस’ म्हणू लागले आणि आज गल्लीतल्या ज्युनियर कॉलेजलाही कॅम्पस असतो.

‘कॅम्पेन’ची हकिगत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. युरोपातल्या फौजा हिवाळा छपराखाली काढत आणि हवा सुधारली की उघड्या मुलखात उतरत. त्या मुलखाचंच नाव मोहिमेला पडलं आणि पुढे निवडणुकीच्या प्रचाराला. आपल्याकडे फौजेला अडवी ती थंडी नव्हे, पाऊस. पावसाळा छावणीत काढायचा, दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि मुलूखगिरीला निघायचं, ही मराठी फौजांची रीत. छावणी हा शब्द छावण्यावरून, म्हणजे छप्पर घालण्यावरून आला. त्यांच्या शब्दाच्या मुळाशी उघडं रान आहे आणि आपल्या शब्दाच्या मुळाशी शाकारलेलं छप्पर.

या घराण्याची एक शाखा मराठीत इंग्रजी अमलाच्या आधीच येऊन राहिली होती. ती म्हणजे ‘कंपू’. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या प्रसिद्ध कोशानं तिचा संबंध इंग्रजी ‘कॅम्प’पेक्षा पोर्तुगीज ‘कांपो’शी जोडला आहे. पोर्तुगीजमध्ये शेवटचा ‘ओ’ ‘ऊ’कडे झुकतो, त्यामुळे हे कानालाही पटतं. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन या साव्हॉयच्या सेनानीला चाकरीत घेतलं आणि युरोपीय पद्धतीची कवायती पायदळं उभारली. ही पायदळं म्हणजे कंपू. ग्वाल्हेरात ‘लष्कर’ आणि ‘कंपू’ अशी वस्त्यांची नावं अजून आहेत. मराठीत मात्र बंदुका गेल्या आणि टोळकं उरलं. आता साहित्य संमेलनापासून सोसायटीच्या सभेपर्यंत कंपूशाहीची तक्रार करणाऱ्यांना आपण शिंदेशाही शब्द वापरतोय याचा पत्ताही नसतो.

उल्हासनगरला हा शब्द आला तो थेट इंग्रजीतून, दुसऱ्या महायुद्धात. कल्याणजवळच्या मोकळ्या जमिनीवर लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. सैनिकांनी इथं थांबायचं आणि हुकूम आला की पुढे निघायचं. युद्ध संपलं आणि बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं त्याच बराकी दिल्या. लांबच लांब बराकीत आडव्या भिंती घातल्या आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब राहिलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्पचा अर्थ आता निर्वासितांची छावणी झाला, आणि दुकानं, कारखाने, शाळा, मंदिरं उभी राहिल्यावर नुसता शहराचा भाग. १९९६ मध्ये महापालिका झाली, तरी कॅम्प गेला नाही. पुण्याच्या किंवा देवळालीच्या कॅम्पात निदान लष्कर आहे. इथं ते युद्धाबरोबरच संपलं. रक्तदानाचा कॅम्प संध्याकाळी उठतो, एनसीसीचा कॅम्प काही दिवसांत आटोपतो. उल्हासनगरचे कॅम्प मात्र पाऊणशे वर्षं जागचे हललेले नाहीत.

अक्षरं जुळली म्हणजे नातं जुळलं, असं मात्र नाही. ‘कॅम्फर’ची पहिली चार अक्षरं सी, ए, एम, पी हीच, पण तो आपला देव्हाऱ्यातला कापूर आहे. मलय भाषेत कापूर, संस्कृतात कर्पूर, अरबीत काफूर आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये काम्फोरा असा प्रवास करून तो इंग्रजीत गेला. मधला ‘म’ वाटेत चिकटला. ‘चॅम्पक’ची सुरुवात चॅम्पियनसारखी दिसते, पण तो संस्कृत चंपक, म्हणजे सोनचाफा. मैदानाशी दोघांचाही काही संबंध नाही.

इंग्रजीच्या शिकवण्यांत मुलांना रोज दहा-वीस शब्दांची यादी पाठ करायला देतात. मुलं स्पेलिंग घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. चांगल्या इंग्रजी कोशांत शब्दाचं मूळही दिलेलं असतं. शिक्षकांना विनंती एवढीच, की यादी कमी करा आणि ती ओळ आधी वाचायला लावा. एका मैदानातून निघालेले सहा शब्द पोरं एका बैठकीत शिकतील, आणि कापूर त्यांच्यात मोडत नाही हेही त्यांना कळेल.