डीझेल : यंत्र आणि माणूस

घाटातून धापा टाकीत जाणाऱ्या मालमोटारीकडे पाहताना ‘डीझेल’ हे मुळात एका माणसाचे नाव आहे, याची आठवण आपल्याला सहसा होत नाही.

रुडॉल्फ डीझेल १८५८ साली पॅरिसमध्ये एका जर्मन कारागिराच्या घरी जन्मला. म्यूनिकला शिकत असताना प्राध्यापक लिंडे यांच्या व्याख्यानात त्याने ऐकले, की वाफेचे चांगले यंत्रही कोळशातील उष्णतेचा जेमतेम दशांश कामी लावते. उरलेली सारी वाया जाते. ही उधळपट्टी त्याच्या मनाला लागून राहिली. हवा नळकांड्यात इतकी दाबावी, की दाबानेच ती तापावी आणि तीत तेल सोडताच ठिणगीवाचून पेट घ्यावा, ही त्याची कल्पना. आउग्सबुर्गच्या कारखान्यात १८९३ पासून प्रयोग चालले. १८९७ च्या यंत्राने उष्णतेचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग कामी लावून दाखविला.

डीझेलचा हेतू मात्र केवळ काटकसरीचा नव्हता. वाफेचे अवजड यंत्र भांडवलदारालाच परवडे. त्यापुढे लहान कारागीर हतबल होता. आपल्या यंत्राने त्याला बळ द्यावे, अशी त्याची आकांक्षा होती. घडले निराळेच. ते यंत्र आरंभी इतके बोजड होते, की त्याने प्रथम मोठे कारखाने आणि जहाजे काबीज केली. १९१२ साली ‘सेलांडिया’ हे धुराड्यावाचूनचे डॅनिश जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीला निघाले. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डीझेल नाहीसा झाला. काही दिवसांनी त्याचा देह समुद्रात सापडला. १९२४ च्या सुमारास जर्मनीत त्याचे यंत्र मालमोटारीत बसले, तेव्हा ते पाहायला तो नव्हता.

तरी त्याची इच्छा अगदीच विफल झाली, असे म्हणवत नाही. आपल्याकडे अनेक विहिरींवर मोटेच्या जागी लहानसे तेलाचे इंजिन आले आणि शेतकऱ्याच्या बैलांचा शीण उतरला. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. डीझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. उष्णतेचा अपव्यय टाळण्यासाठी जन्मलेल्या यंत्राने श्वासाची किंमत मागावी, हा दैवदुर्विलास होय. यंत्र कोणाच्या कामी यावे, हे त्याचा निर्माता ठरवू शकत नाही. ती जबाबदारी अखेर वापरणाऱ्या समाजाची, म्हणजे तुमची-आमची आहे.