गिरगावातली आदर्श स्त्री

'आदर्श भारतीय नारी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांना साधारण एकच चित्र दिसतं.. काठापदराची साडी, लांब केस, शांत चेहरा, किंचित झुकलेली नजर. आपल्याला वाटतं हे पुराणांतून आलं. मला विचाराल तर त्यातला बराचसा भाग गिरगावातून आलाय!

१८९४ साली राजा रविवर्म्याने गिरगावात छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. तोवर त्याची तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या महालांत असायची. आता त्याच लक्ष्मी-सरस्वती रंगीत कागदावर छापून चाळीतल्या खोलीतही खिळ्याला टांगता येऊ लागल्या. पुढे प्लेगच्या काळात छापखाना मुंबईबाहेर, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पण चित्रं घरोघरी पोचायची ती पोचलीच. देवघरातल्या पितळी मूर्तीकडे बघून कुठल्या बाईला 'माझं नाक असं का नाही?' असं वाटलं नसेल. या चित्रातली देवी मात्र हाडामांसाची दिसत होती, साडीच्या निऱ्या मोजून घ्याव्यात इतकी खरी. तिच्याशी तुलना करणं शक्य होतं.

आणि गंमत बघा. त्या काळी 'घरंदाज' बायका चित्रकारासमोर बसत नसत. बसायच्या त्यांत गाणाऱ्या, कलावंत घराण्यांतल्या स्त्रिया होत्या. प्रसिद्ध गायिका अंजनीबाई मालपेकर यांचं नाव या संदर्भात घेतलं जातं. म्हणजे ज्या स्त्रियांना कित्येक घरांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, त्यांचे चेहरे त्याच घरांच्या भिंतीवर. फक्त नाव त्यांचं नाही, देवीचं.

पुढचा अंक दादासाहेब फाळक्यांचा. दादरला राहून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' बनवला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात तो लोकांसमोर आला. तारामतीच्या कामासाठी त्यांनी बाई शोधली, अगदी वेश्यावस्तीतही चौकशी केली. कोणी तयार होईना. शेवटी एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली, पण १९१७च्या 'लंकादहन'मध्ये सीता पुन्हा साळुंकेच. आणि राम? तेही साळुंकेच! राम पडद्यावर आला की लोक पायातल्या चपला काढायचे असं सांगतात. आपल्याकडची सगळ्यात आदर्श जोडी, आणि दोन्ही भूमिकांत एकच माणूस.

नाटकात तर बालगंधर्व होतेच. साडी कशी नेसावी, गजरा कसा माळावा हे महाराष्ट्रातल्या बायका एका पुरुषाकडे बघून शिकत होत्या. त्यांची कला थोर, त्याबद्दल वादच नाही. पण त्या प्रतिमेतून ते स्वतःही सुटले नाहीत. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते एकनाथांच्या भूमिकेत आले खरे, पण पुन्हा रंगभूमीवर परतले आणि वय झाल्यावरही स्त्रीभूमिका करत राहिले.

थोडक्यात काय, जिच्याशी आपल्या पणज्यांची तुलना होत होती, ती बाई कधी अस्तित्वातच नव्हती. एकीचा चेहरा, दुसरीची साडी, एका पुरुषाची चाल आणि पुराणातलं नाव, असं जोडून केलेलं ते काम होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेमो. डेमोला आपण फक्त चालणाऱ्या स्क्रीन्स दाखवतो. तसं प्रॉडक्शनमध्ये रोज चोवीस तास चालेल अशी अपेक्षा कोणी शहाणा ठेवत नाही. स्वतःकडून मात्र आपण नेमकी तीच ठेवतो.

मानसशास्त्राने यावर बरंच काम केलंय. कॅरन हॉर्नाय यांनी १९५०च्या पुस्तकात दाखवलं की माणूस स्वतःची एक आदर्श प्रतिमा रचतो आणि मग 'मी असं असायलाच हवं' या हुकुमाखाली जगू लागतो. १९८७ साली टोरी हिगिन्स यांनी आणखी बारीक फोड केली: मी आहे तसा, मला व्हावंसं वाटतं तसा, आणि मी असायला हवा तसा. पहिल्या दोघांत अंतर पडलं की उदासी येते, पहिल्या आणि तिसऱ्यात पडलं की धास्ती. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेजच्या मुलांवर १९८९ ते २०१६ या काळात झालेल्या पाहण्या करन आणि हिल यांनी एकत्र तपासल्या. परफेक्शनचा सोस वाढलेला दिसलाच, पण त्यातही सगळ्यात जास्त वाढली ती 'लोकांना मी परफेक्ट हवाय' ही भावना.

मला यात शब्दाचीही मजा वाटते. संस्कृतात 'आदर्श' म्हणजे आरसा. आपला 'आरसा' त्याच शब्दापासून आलाय. आरशात जे आहे ते दिसावं. आपण मात्र त्यात दुसरंच कोणाचं तरी चित्र चिकटवलं आणि आपण तसे दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं झुरत बसलो.

याचा अर्थ आदर्श नकोतच असं नाही. चांगलं काम, खरं बोलणं, याची ओढ नसेल तर माणूस पुढे कशाला जाईल? पण 'मला तिकडे जायचंय' आणि 'मी तिथे नाही म्हणजे मी वाया गेलो' यात फार फरक आहे.

हे सगळं आत्ताच डोक्यात यायचं कारण घरचं आहे. धाकट्या बहिणीचा लग्नाचा बायोडेटा तयार होतोय. फोटो काढून आणला तर रंग दोन छटा उजळलेला, गालावरचा तीळ गायब. कोणी तसं सांगितलंही नव्हतं. ती फोटोकडे बघत शांतपणे म्हणाली, "दादा, हिला पसंत केलं तर लग्नाला मी जायचं की ही?"

आम्ही हसलो, पण आई नाही हसली. "अगं, सगळेच तसे पाठवतात," एवढंच म्हणाली. तिचंही चूक नाही म्हणा, तिच्या वेळीही कोणीतरी असंच मोजलं असणार. तिळाचा फोटो पाठवायचा हे बहिणीचं ठरलंय, माझंही. आईचं अजून नाही. या रविवारी पुन्हा बोलून बघतो.