दुसरी एमआरपी: कारखान्याने अंदाज सोडून हिशोब कसा धरला

एमआरपी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली किंमत. बरोबर आहे. पण भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाऊन 'एमआरपी' म्हणा, तिथल्या माणसाच्या डोक्यात वेगळंच काही येईल. मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग. म्हणजे काय बनवायचं ते ठरलं, की त्यासाठी कुठला माल, किती आणि कधी लागेल याचा हिशोब. आजचा भाग या दुसऱ्या एमआरपीच्या इतिहासाचा. आणि थोडासा माझ्या एका चुकीचा.

डिप्लोमा झाल्यावर मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात ट्रेनी होतो, स्टोअरमध्ये. एका रात्रपाळीत लाइनवरून एक जण धावत आला, "बेअरिंग दे पटकन, स्लिप नंतर आणून देतो." मी २०० बेअरिंग काढून दिली. स्लिप काही आली नाही आणि मीही एंट्री केली नाही. आता कॉम्प्युटरवर २६० दिसत होती आणि रॅकवर होती ६०. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी जरा मागे जाऊ.

साल १९१३, देश अमेरिका. फोर्ड हॅरिस नावाचा एक इंजिनिअर. (मोटारवाल्या फोर्डशी याचा संबंध नाही बरं का!) त्याने 'फॅक्टरी' नावाच्या मासिकात एक लेख लिहिला. प्रश्न साधा होता: एका वेळी किती नग बनवायचे? घरचा किराणा आठवा. रोज पावशेर तांदूळ आणला तर हेलपाटे फार. वर्षाचा एकदम भरला तर पैसे अडकतात आणि पोरकिडे होतात ते वेगळंच. या दोन खर्चांचा मेळ बसेल असा आकडा काढायचं सूत्र हॅरिसने दिलं. त्यातली गंमत म्हणजे, खप चौपट झाला तरी एका वेळची ऑर्डर फक्त दुप्पट करायची. त्यात वर्गमूळ आहे ना! हे सूत्र पुढे जगभर शिकवलं गेलं, पण बऱ्याच ठिकाणी विल्सन नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या नावाने. हॅरिसचा मूळ लेख कित्येक दशकं विस्मरणात गेला होता.

सूत्र चांगलंच होतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत होती. माल रोज थोडा थोडा, सारख्या वेगाने संपतो. किराणा दुकानात हे बऱ्यापैकी खरं आहे. कारखान्यात नाही. ट्रॅक्टरचं एखादं मॉडेल या आठवड्यात बनतं, मग दोन महिने बनत नाही. त्याचा गिअर एका दिवसात शेकड्याने उचलला जातो आणि नंतर हात लावायला कुणी येत नाही. पण तेव्हाची पद्धत होती, 'साठा ठरावीक पातळीखाली गेला की मागवा'. त्यामुळे नको तेव्हा गिअरचा ढीग आणि हवा तेव्हा खडखडाट.

इथे आपल्या गोष्टीत येतो जोसेफ ऑर्लिकी. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी जे. आय. केस ही ट्रॅक्टर बनवणारी कंपनी होती, तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हा गुंता सोडवायला घेतला. त्याचं म्हणणं असं, की ट्रॅक्टर किती विकले जातील हा अंदाज. पण ५० ट्रॅक्टर बनवायचे ठरले, की मागची चाकं १०० लागणार. यात अंदाज कसला? हा तर गुणाकार आहे!

वडापाववाल्याचं उदाहरण घ्या. उद्या गिऱ्हाईक किती येईल हे त्याला माहीत नाही. पण कुणी संध्याकाळी सातची २०० वडापावची ऑर्डर दिली, तर २०० पाव लागणार हे नक्की. ६० घरात आहेत, म्हणजे १४० मागवायचे. पाववाल्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं, म्हणजे आजच फोन करायचा. बटाटे चारपर्यंत उकडलेले हवेत. चटणीसाठी लसूण, खोबरं त्याच्याही आधी. किती लागेल, त्यातलं हातात किती आहे आणि उरलेलं कधी मागवायचं, एवढीच एमआरपी आहे.

मग प्रत्येक वस्तू थोडी जास्तच ठेवली तर? तेही पुरत नाही. समजा एका यंत्राला १० भाग लागतात आणि प्रत्येक भाग हजर असण्याची शक्यता ९० टक्के आहे. दहाच्या दहा एकाच वेळी हजर असण्याची शक्यता किती? जेमतेम ३५ टक्के. ट्रॅक्टरला तर हजारो भाग लागतात.

मग हे आधी कुणाला सुचलं नव्हतं का? सुचलं असेल, पण परवडत नव्हतं. हजारो भागांचा गुणाकार कार्डांवर, हाताने करायचा म्हणजे कारकुनांचे आठवडे जायचे. हिशोब होईपर्यंत बेत बदललेला असायचा. १९५६ मध्ये आयबीएमने रामॅक हे मशीन आणलं. ५० मोठ्या तबकड्या, आणि त्यात मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरं. तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोएवढी! पण हवी ती नोंद थेट उघडता येत होती, सगळी टेप पहिल्यापासून फिरवावी लागत नव्हती. एमआरपीला अशीच सोय हवी होती.

पुढे ऑर्लिकी आयबीएममध्ये गेला. ऑलिव्हर वाइट आणि जॉर्ज प्लॉसल या दोघांना सोबत घेऊन १९७०च्या दशकात त्याने या पद्धतीचा जोरात प्रचार केला. १९७५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तिकडे जर्मनीत आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये सॅप सुरू केली होती. आज मोठ्या कारखान्यांत जी सॉफ्टवेअर चालतात, त्यांच्या पोटात हाच हिशोब आहे.

तरीही कित्येक कारखान्यांत एमआरपी आपटली. कारण गणितात नव्हतं, स्टोअरमध्ये होतं. "हातात किती आहे" हा आकडाच खोटा असेल, तर कॉम्प्युटर खोटं उत्तर झटक्यात काढून देतो, एवढाच फरक. म्हणून वाइट वगैरे मंडळी कंपन्यांना सांगायची, की आधी नोंदी सुधारा. वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून सगळं मोजण्यापेक्षा रोज थोडं थोडं मोजा.

आता माझी गोष्ट. चार दिवसांनी लाइनला १५० बेअरिंग हवी होती. कॉम्प्युटरच्या मते २६० होती, म्हणून नवीन मागवलीच नव्हती. दुपारी लाइन थांबली. कॉन्ट्रॅक्टवरच्या बारा पोरांना घरी पाठवलं, अर्ध्या दिवसाचा पगार कापून. सगळे म्हणाले, "सिस्टिम चुकली." मी गप्प बसलो. दोन दिवसांनी राहवेना, म्हणून स्टोअरकीपर काकांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "सिस्टिमला काय दिसतं रे बाळा? तू सांगशील तेवढंच." आणि हातात कागद दिला, "उद्यापासून रोज दहा बिन मोजायचे." मी सहा महिने मोजले. पण त्या पोरांचा अर्धा दिवस काही परत मिळाला नाही.

तुम्ही कुठे स्टोअरमध्ये, गोडाऊनमध्ये काम करत असाल, तर तुमचा असा किस्सा नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, स्लिप घेतल्याशिवाय माल देऊ नका!