दोषक्रमांकांची वही : आरक्षण आणि निरसन

एका वस्तूस अनेक नावे असणे हे भाषेत वैभवाचे लक्षण मानले जाते. शास्त्रात मात्र तो घोटाळ्याचा उगम ठरतो. संगणकाच्या आज्ञावलींतील सुरक्षादोषांच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हीच अडचण उद्भवली. एकच दोष निरनिराळ्या सूचींत निरनिराळ्या नावांनी नोंदला जाई. दोन सूचींतील दोन दोष वस्तुतः दोन आहेत की एकच, हे ठरविणे त्यामुळे दुष्कर होई.

अमेरिकेतील मायटर या संस्थेतील डेव्हिड मान व स्टीव्हन क्रिस्टी यांनी यावरील उपाय जानेवारी १९९९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील परिसंवादात मांडला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ३२१ नोंदींची पहिली सूची प्रसिद्ध झाली. ‘कॉमन व्हल्नरेबिलिटीज अँड एक्स्पोजर्स’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तीस ‘सीव्हीई’ म्हणतात. या आद्याक्षरांपुढे वर्ष आणि अनुक्रमांक एवढेच लिहावयाचे. नावात दोषाचे वर्णन न करणे हेच या योजनेचे मर्म होय. दोषाविषयीचे ज्ञान बदलले तरी क्रमांक बदलत नाही.

आरंभी प्रत्येक क्रमांकास जणू उमेदवारी करावी लागे. ‘कॅन’ हे उपपद लावून तो संपादक मंडळापुढे येई व मान्यता मिळाल्यावर ‘सीव्हीई’ म्हणून ओळखला जाई. म्हणजे नावांचा गोंधळ मिटविण्यास निघालेल्या सूचीतच एका दोषास कालांतराने दुसरे नाव मिळे. ऑक्टोबर २००५ मध्ये हा भेद काढून टाकण्यात आला. पुढे अनुक्रमांकाची चार अंकांची मर्यादाही अपुरी वाटू लागल्याने २०१४ च्या आरंभापासून ती उठविण्यात आली.

आज क्रमांक देण्याचा अधिकार आपापल्या क्षेत्रापुरता अनेक उत्पादकांना व संशोधनसंस्थांना आहे. दोष उघड होण्यापूर्वीच क्रमांक राखून ठेवता येतो. अशा राखीव नोंदीत तपशील नसतो. दुरुस्ती सिद्ध होईपर्यंत शोधक व उत्पादक यांना गुप्तपणे, परंतु एकाच नावाने बोलता यावे, हा तिचा हेतू. तथापि या गुप्ततेतच द्विरुक्तीचे बीज असते.

ओपनएसएसएल या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ दोषाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गूगलमधील नील मेहता आणि फिनलंडमधील कोडेनोमिकॉन ही संस्था या दोघांनी तो स्वतंत्रपणे शोधला. परिणामी त्यास दोन क्रमांक राखले गेले : २०१४-०१६० व २०१४-०३४६. दिनांक ७ एप्रिल २०१४ रोजी दोष प्रकट झाला, तेव्हा पहिला क्रमांक रूढ झाला व दुसरा रद्द ठरला.

रद्द झालेला क्रमांक मात्र पुसला जात नाही, की दुसऱ्या दोषास दिला जात नाही. कोशकार ज्याप्रमाणे एखाद्या शब्दापुढे केवळ ‘पाहा’ असे लिहून वाचकास मूळ नोंदीकडे धाडतो, त्याप्रमाणे ०३४६ ची नोंद आजही ०१६० कडे बोट दाखविते. जुन्या पत्रात चुकीचा क्रमांक वाचणाराही त्यामुळे योग्य स्थळी पोहोचतो.

ही वही अमेरिकन शासनाच्या द्रव्यसाहाय्यावर चालत आली आहे. तिच्या कराराची मुदत १६ एप्रिल २०२५ रोजी संपत असता अगदी ऐनवेळी ती वाढविण्यात आली. त्या प्रसंगी प्रकट झालेली चिंता केवळ नव्या क्रमांकांपुरती नव्हती. सर्वांनी एकाच नावाने बोलण्याची सवय पंचवीस वर्षांत जडली होती, आणि ती या एका वहीच्या आधारावर उभी होती. चुकलेली नावेही जपून ठेवणारी वहीच अशा विश्वासास पात्र होते.